काळी चारचा तंबोरा: धामणगाव ते मिरज आणि पुढे

तुरीचे पैसे येण्याआधी

रियाजाला खरा तंबोरा घ्यायचा की मोबाइलवरच भागवायचं, हा माझा प्रश्न होता. मोबाइलवरचा तानपुरा वाईट नाही. पट्टी बोटानं बदलते, सूर हलत नाही, पैसे लागत नाहीत. सुरुवातीला मी त्यावरच गायले. अडचण आहे ती खर्जाची. तंबोऱ्याच्या चार तारांत पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडी, आणि शेवटची खालच्या षड्जाची म्हणजे खर्ज. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. जोडीचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झचा आणि खर्ज त्याच्या निम्मा, १०४ च्या आसपास. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला तो सूर धड काढताच येत नाही. ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे त्यातच मिसळलेले उंच सूर, खालचा सूर आपला मेंदूच भरून काढतो. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरलं की आधार सुटल्यासारखं होतं ते यामुळे. पुरुषांचं तर आणखी कठीण, काळी एकला गाणाऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर येतो.

मोठा ब्लूटूथ स्पीकर लावून पाहिला, बराच फरक पडला. बंगळूरच्या राडेलची इलेक्ट्रॉनिक पेटी एका मैत्रिणीकडून आणून वापरली, आणि एसटीनं जाऊन गाणाऱ्यांनी तीच घ्यावी असं माझं मत आहे. पण दोन्हींत तार आपल्याला जुळवायची नसते, आणि मला नेमकं तेच शिकायचं होतं. अमरावतीला मी ज्यांच्याकडे शिकते त्या बाई मला तंबोऱ्यापुढं बसवतात आणि स्वतः चहा टाकायला आत जातात. मग आतून आवाज येतो, "जोडीतली दुसरी उतरली आहे गं."

बिनभोपळ्याची चपटी तानपुरीही विचारात होती. फुटायला भोपळा नाही, बसच्या रॅकवर मावते, किंमतही कमी. आवाज मात्र तेवढाच चपटा. घरी बसून रियाज करणारीनं ती का घ्यावी हे मला काही पटलं नाही.

खरा प्रश्न वेगळाच निघाला. आमच्या भागात भजनी मंडळं भरपूर, त्यामुळे पेटीचे सूर लावणारा मिळतो, तबल्याला पुडी चढवणारा मिळतो. जवारी काढणारा मिळत नाही. तारा ज्यावर टेकतात ती घोडी, आणि जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेला जेमतेम दिसणारा उतार. तार त्यावर घासत थरथरते, आणि मध्ये सरकवलेल्या सुती दोऱ्याला नेमकी जागा सापडली की आवाज उघडतो. रोज घासून घासून तार घोडीत बारीक खाच पाडते, जवारी बसते, मग कानस घेऊन ती पुन्हा काढावी लागते. पुण्या-मुंबईत माणूस घोडी रुमालात बांधून कारागिराकडे जातो. आम्ही कुठं जायचं? तेव्हा मी खरेदीचा विचार उलट्या बाजूनं केला: कोणता तंबोरा सुंदर, यापेक्षा कोणता तंबोरा मला इथं बसून सांभाळता येईल.

काही दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतात, वाजवून दाखवतात. पण तो तंबोरा मी ऐकणार पुन्हा त्याच मोबाइलच्या स्पीकरवर! म्हणून जायचं ठरलं.

जानेवारी, मिरज

आपल्यासाठी सोय म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. गोंदियाहून निघते, नागपूर, वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला करत पुण्यावरून थेट मिरज आणि पुढं कोल्हापूर. गाडी बदलायची नाही. लांबचा कंटाळा आहे, पण परतताना हातात तंबोरा असणार हे लक्षात घेतलं तर हीच गाडी बरी.

सतारमेकर गल्लीत दोन्ही बाजूंना भोपळे टांगलेले. हे खायचे नव्हेत, कडू जातीचे, जाड सालीचे, पंढरपूरकडच्या भीमाकाठच्या गावांतून येतात. एकोणिसाव्या शतकात शिकलगारी करणाऱ्या, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणाऱ्या घरातल्या फरीदसाहेबांनी इथं वाद्यं दुरुस्त करता करता बनवायला घेतली, आणि पुढं सतारमेकर हेच आडनाव झालं. पिढ्यान्‌पिढ्या कानस हातात असलेल्या माणसांनी जवारीत नाव काढावं याचं मला तरी नवल वाटलं नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन गावाच्या कामाला आहे, समोर ठेवलेल्या तंबोऱ्याला नाही, तेव्हा हात लावून पाहावंच लागतं.

दुकानात लावून ठेवलेला तंबोरा हमखास गोड वाटतो, कारण तो त्याला मानवणाऱ्या पट्टीत लावलेला असतो. म्हणून मी पहिल्यांदा काळी चार मागितली. कारागीर चाचांनी तारा चढवल्या. लगेच वाजवून हो म्हणू नका. ताज्या ओढलेल्या तारा उतरतातच. चहा पिऊन परत यावं, किती उतरल्या ते पाहावं. थोडं उतरणं तारेचं, भसकन उतरणं खुंटीचं. खुंटी दोन्ही बाजूंच्या भोकांत सारखी बसायला हवी. फिरवताना ती अडून अडून उडी मारत असेल तर सूक्ष्म सूर कधीच लागणार नाही, मग खाली तारेत ओवलेले बारीक सुराचे मणी कितीही सरकवा.

आणखी काय पाहिलं? भोपळ्याकडून डोळा लावून दांडी सरळ आहे का ते. तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, तुणीच्या लाकडाची होती, मधे किंचित फुगीर. रेषांच्या दिशेनं जाणारी केसासारखी चीर आहे का ते तिरप्या उजेडात दिसतं. भोपळा आणि तबलीच्या जोडावर बोट फिरवलं, एका तंबोऱ्याला तिथं पॉलिशचा रंग जरा गडद वाटला म्हणून तो बाजूला ठेवला. भोपळ्यावर चहूकडून टिचकी मारत गेलं की आवाज एकसारखा यायला हवा, मधेच बसका आला तर साल तिथं पातळ. नक्षीची पानं, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, गळ्यावरची वेलबुट्टी यांनी किंमत वाढते, आवाज नाही. माझा अगदी साधा आहे आणि मला तसाच आवडतो.

बायकांच्या पट्टीसाठी लेडीज तंबोराच घ्यावा. तो उंचीला कमी, भोपळा लहान. पहिल्या तीन तारा स्टीलच्या आणि खर्ज पितळेचा. जेंट्स तंबोऱ्याचा मोठा घुमार ऐकून मोह होतो, पण त्यावर काळी चार चढवायला गेलं की तारा तुटायला येतात. आणि काळी चार एक सप्तक खाली लावली तर तारा ढिल्या लोंबतात.

घोडीवर आमचं बरंच बोलणं झालं. मी म्हटलं, "चाचा, मी लांबची आहे, सारखं येणं नाही व्हायचं." त्यांनी लाकडाची घोडी काढून ठेवली आणि उंटाच्या हाडाची घेतली. "ताई, लाकूड गोड बोलतं पण लवकर घासतं. हाड टिकंल." जवारी फार खुली नको, मध्यम ठेवा, असंही मीच सांगितलं, फार खुली जवारी दुकानात झगमगते आणि पहिली बिघडते. मग त्याच तंबोऱ्यावर बसवून दुसरी घोडीही तयार करून घेतली. जास्तीचे पैसे गेले, पण आमच्यासारख्यांनी हा खर्च टाळू नये. दुसऱ्या तंबोऱ्यावर तयार केलेली घोडी आपल्याला तशीच लागू पडेल असं नाही. घोडीच्या पायांभोवती तबलीवर पेन्सिलीची बारीक रेघही ओढून घेतली, म्हणजे प्रवासात सरकली तरी जागा सापडते.

तंबोरा २३ हजारांना पडला, दुसरी घोडी आणि फायबरची पेटी वेगळी. पेटी जड आहे आणि महाग आहे, तरी रेल्वेनं नेणार असाल तर नुसत्या गवसणीवर विसंबू नका. याशिवाय तारांचे दोन जादा संच, मणी आणि दोऱ्याची गुंडी घेतली. घरी कापूस पिकवणाऱ्या बाईनं मिरजेहून दोरा विकत आणला, यावर गावात अजून विनोद होतात.

संध्याकाळी मीरासाहेब दर्ग्यात जाऊन आले. अब्दुल करीम खाँसाहेबांची (१८७२–१९३७) कबर तिथं आहे. एवढे मोठे गायक, पण वाद्यं स्वतः दुरुस्त करायचे, तंबोऱ्यावर त्यांचा हात चालायचा. त्या दिवशी मला त्यांच्या गाण्यापेक्षा याचाच हेवा वाटला.

परतीला तारा दोन-तीन सूर उतरवल्या, पूर्ण सोडल्या नाहीत. पूर्ण सोडल्या तर घोडी मोकळी होऊन तबलीवर आपटते. घोडीच्या दोन्ही बाजूंना जुन्या धोतराच्या घड्या कोंबल्या. वरचा बर्थ तंबोऱ्याला, मी खाली. इतकंच.

फेब्रुवारी

सासूबाईंनी पेटी उघडलेली पाहिली आणि म्हणाल्या, "काहून वं, भोपळे त आपल्या वाडीतबी लागते. त्याले इतके पैसे?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुन्या लुगड्याची घट्ट चुंबळ वळून दिली. भोपळ्याखाली ठेवायला तिच्याइतकी चांगली वस्तू मला कोणत्याही दुकानात दिसली नाही. वाद्य घसरत नाही आणि फरशीवर भोपळा टेकत नाही.

जुळवण्याचा क्रम आता बसला आहे. आधी जोडी, मग खर्ज, शेवटी पंचम. मोबाइलचा ट्यूनर मी फक्त जोडीतल्या एका तारेपुरता वापरते, बाकी कानानं. खुंटीनं जवळ आणायचं, मण्यानं पोचायचं. वाजवताना पहिली तार मधल्या बोटानं आणि उरलेल्या तीन तर्जनीनं, लय गाण्याशी न जोडता. हे लय न जोडणं मला सगळ्यात जड गेलं. भजनाची सवय, बोट आपसूक ठेका धरतं.

एक प्रयोग तुम्हीही करून पाहा. तार बरोबर मध्यावर छेडली तर नियमाप्रमाणे तिच्यातून वरच्या सप्तकाचा षड्ज निघू नये, कारण त्या स्वरांशाची तार तिथं स्थिरच असते. दोरा काढून छेडलं की आवाज खरोखर मुका येतो. दोरा जागेवर सरकवला की तोच वरचा षड्ज स्वच्छ ऐकू येतो. सी. व्ही. रमन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलं ते याच गोष्टीवर: तार घोडीच्या उतारावर घासते म्हणून जुना नियम इथं चालत नाही. (हे रमन सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत थोडा काळ आपल्या नागपुरात होते, हे सांगायचा मोह आवरत नाही.) दोरा हलवायचा तो जेमतेम, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. मी तारेला हात न लावता दोऱ्याची दोन्ही टोकं धरून पुढंमागं ओढते.

खर्जातून गंधार ऐकू येतो असं बाई नेहमी म्हणायच्या. मला वाटायचं, म्हणायची पद्धत असेल. या महिन्यात तो ऐकू आला. खर्ज आणि जोडी अगदी मिळाल्याशिवाय येत नाही, एक तार जरा हलली की गेला. आता तोच माझा ट्यूनर आहे.

नवतपा

मेच्या शेवटी आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, आणि हवा इतकी कोरडी की दारं-खिडक्यांच्या चौकटी कडकड वाजतात. खुंट्या आकसल्या. सकाळी पाहावं तर चारही तारा लोंबत. खडू फासून भागवलं. खडू फार लावू नका, थोडा लावून खुंटी आत दाबत फिरवा.

पत्र्याच्या खोलीत तंबोरा ठेवू नये हे सगळे सांगतात. कूलरचं कोणी सांगत नाही. दुपारभर कूलरची ओली हवा, रात्री कूलर बंद की पुन्हा कोरडं, या चढउतारानं सांधे उकलतात आणि स्टीलच्या तारांवर ठिपके पडतात. माझा तंबोरा मागच्या मातीच्या भिंतींच्या खोलीत गेला, धान्याच्या कोठीशेजारी. तिथं कूलर नाही, पण दिवस-रात्रीत फारसा फरकही पडत नाही. रियाज पहाटे तिथंच. नवतप्यात तारा जरा खाली ठेवल्या आणि रोज काळी चारला चढवण्याचा हट्ट सोडला. पांढऱ्या चारला गायले, बिघडलं काही नाही.

जुलै

आता उलटं. खुंट्या फुगून घट्ट, जोर लावून फिरवल्या तर दांडीची मान पिरगळेल अशी भीती. जोरानं फिरवायच्या नाहीत. तार ढिली करून खुंटी जराशी बाहेर ओढायची, मग फिरवायची. वाजवून झालं की तारा सुती फडक्यानं पुसते. आठवड्यातून एखादवेळी खोबरेल तेलाचा पुसट हात देते, पण घोडीपासून चार बोटं दूरच. घोडीला तेल लागलं की दोरा काम करत नाही. दोराही पावसात फुगतो, म्हणून तो या महिन्यात बदलला. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला आहे, आणि उंदरांपायी पेटीचं झाकण नेहमी लावलेलं.

पहिली तार आता मध्यमावर लावून राग मालकंस सुरू केला आहे, त्यात पंचम नसतो. पंचमाची सवय झालेल्या कानाला पहिले काही दिवस सगळंच हललेलं वाटलं.

जवारी अजून चांगली आहे, जोडीच्या तारांखाली मात्र नखाला लागेल न लागेल अशी रेघ उमटू लागली आहे. दुसरी घोडी कापडात तशीच बांधलेली आहे. निघताना चाचांनी एक जुनी, टाकून दिलेली हाडाची घोडी हातावर ठेवली होती, "हिच्यावर कानस चालवून बघा, हात बसंल." पोळ्यानंतर शेतातली घाई जरा कमी झाली की तिच्यावर सुरुवात करणार आहे. बारीक कानस धामणगावात मिळाली, घासकागद कोणत्या नंबरचा घ्यावा ते ज्यांनी जवारीवर हात चालवला आहे त्यांनी सांगावं.