तपासणी नक्की कोणाची आणि कशी करायची?

ब्रेस्ट कॅन्सर, म्हणजे स्तनाचा कर्करोग, लवकर सापडावा म्हणून सगळ्या बायकांनी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करून घ्या असे मेसेज फिरत असतात, पण आपल्याकडे हा आजार कोणाला होतोय ते आधी बघायला नको का? अमेरिकेत बहुतेक पेशंट साठीच्या आसपासच्या, आपल्याकडे मात्र कितीतरी जणी चाळिशी-पन्नाशीतल्या, आणि तरुण वयात स्तनाचा भाग घट्ट असतो, तो मॅमोग्राममध्ये पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, मग ती सापडणार कशी, म्हणून अशा वेळी डॉक्टर सोनोग्राफीही सांगतात.

मुंबईत टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला, मशीन नाही काही नाही, त्यातल्या जवळपास निम्म्या जणींचे स्तन ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, बाकीच्यांची अशी तपासणी नव्हती. २०२१ मध्ये निकाल आला: तपासणी झालेल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधले ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी! पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, म्हणजे वय किती महत्त्वाचं आहे बघा.

आणि घरात आई, बहीण, मावशी कोणाला झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, बाबांकडच्या आत्याचंही सांगा, बीआरसीए नावाच्या जीनमध्ये दोष असला की या कॅन्सरचा धोका वाढतो, तो दोष बापाकडूनही येतो आणि ही गोष्ट लोक हमखास विसरतात. माझी मावशी म्हणायची, दुखत नाहीये ना मग कशाला दाखवायचं. अगं, सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही! सरकारी आरोग्य केंद्रात तिशीनंतर हाताने करायची ही स्तनांची तपासणी फुकट होते, आशाताईंना विचारा.