पायाला पत्ताच नाही

"ओ आजोबा, चप्पल राहिली की मागं!" भाजीवाली ओरडली. बाबांनी खाली पाहिलं. एक पाय अनवाणी, आणि पायाला पत्ताच नाही.

चप्पल निसटल्याचं पाहिल्यावर कळावं, जाणवू नये? दुपारभर तेच डोक्यात.

शर्टाची बटणं हल्ली आई लावते. सही वाकडी येते. अंधारात तोल जातो. यावर नातेवाइकांचं निदान एकच: वय!

संध्याकाळी डॉक्टरांनी मान पुढे वाकवायला लावली, तर पाठीतून करंट गेल्यासारखं झालं. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू, म्हणजे मेंदू आणि हातापायांना जोडणारा नसांचा दोर, दबला असावा, एमआरआय करा म्हणाले.

"पण माझी मान दुखत नाही हो!"

न दुखताही होतं. ऑपरेशनने बहुतेकदा पुढची घसरण थांबते, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

बाबांचा प्रश्न एवढाच: "एमआरआयला घड्याळ काढावं लागेल का?"