पिक्चरला अजून दहा मिनिटं

"सिनेमा नऊनंतर, पण पोचायचं सातलाच," शेजारच्या आजोबांनी बजावलं होतं. वय पंच्याहत्तर, जन्म पेनसिल्व्हेनियाचा. न्यू जर्सीहून दोनेक तास गाडी हाणत पेनसिल्व्हेनियातल्या लीहायटनच्या माहोनिंग ड्राइव्ह-इनला पोचलो, तर ऊन चांगलं लख्ख. इकडे जूनमध्ये साडेआठपर्यंत सूर्य हलत नाही, आणि उघड्यावर सिनेमा त्याच्याच मर्जीने लागणार.

मोठं मैदान, टोकाला भलामोठा पांढरा पडदा आणि गाडीत बसलेले प्रेक्षक. पहिलं ड्राइव्ह-इन आमच्याच न्यू जर्सीत, कॅम्डनजवळ निघालं, ६ जून १९३३ला. गाडीचे पंचवीस सेंट, माणशी आणखी पंचवीस. रिचर्ड हॉलिंग्सहेडची खरी युक्ती जमिनीत होती. मैदानाला त्याने उतरते वरंबे घातले, म्हणजे गाडीचं नाक वर उचललं जातं आणि पुढच्या टपावरून पडदा दिसतो. १९५८च्या सुमाराला देशभरात चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती, आता तीनशेच्या आसपास उरलीत. जमिनीचे भाव वाढले, घरोघरी टीव्ही आला. त्यात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायचा कायदा झाला आणि खेळ आणखी उशिरा सुरू व्हायला लागले. पोरं झोपेला आलेली, कोण येणार?

१९४९चं हे माहोनिंग अजून ३५ मिलिमीटरच्या रिळांवर चालतं. पण आजोबांना सिनेमाशी देणंघेणंच नव्हतं. अंधार पडायला लागला, पडद्यावर सिनेमाआधीच्या, खाऊच्या जाहिरातींच्या रंग उडालेल्या जुन्या फिती सुरू झाल्या आणि हा माणूस ताठ बसला.

एक सॉसेज कोलांटी उडी मारून पावात शिरतं. पॉपकॉर्न आणि सोड्याचे पेले ओळीने गात चालतात. शिकागोच्या फिल्मॅक स्टुडिओची अशी १९५७ची एक फीत तर जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, जाऊन बसलीय. हसू येतं, पण त्यामागे पोटाचा प्रश्न होता. तिकिटाचा मोठा वाटा सिनेमा देणारे नेतात, थिएटर जगतं ते खाण्याच्या खिडकीवर. मग घड्याळ: "खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं." नऊ. आठ. आजोबा प्रत्येक वाक्य त्या आवाजाबरोबर म्हणत होते, त्याच हेलात.

पूर्वी प्रत्येक खांबावर धातूचा स्पीकर असायचा. तो काचेला अडकवायचा. लोक विसरून तसेच निघायचे, वायर तुटायची. म्हणून "स्पीकर खांबावर परत ठेवा" अशी सूचना रेकॉर्ड करून ठेवलेली. आता आवाज गाडीच्या एफएमवर येतो. सूचना तरी वाजलीच, आणि आजोबांचा हात आपसूक काचेकडे गेला.

मला आमच्या सांगलीकडची जत्रा आठवली. टुरिंग टॉकीजच्या तंबूवर कर्णा. दिवेलागणीला देवाच्या गाण्यांची रेकॉर्ड लागायची, मग सिनेमाची गाणी. कितव्या गाण्याला तिकिटाची खिडकी उघडते, कितव्याला आत शिरून बापयांच्या बाजूला पुढची जागा धरायची, हे गावातल्या पोराला घड्याळापेक्षा पक्कं ठाऊक. आई चुलीपुढून ओरडायची, "अरे, गणपतीचं गाणं झालं, जेव लवकर!" त्या तंबूत पाहिलेले सिनेमे आज एकमेकांत कालवलेत. रेकॉर्डवर सुई टेकतानाची ती खरखर मात्र अजून ऐकू येते.

हे सगळं आजोबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "खायला काय मिळायचं?"

"भाजलेल्या शेंगा. आणि काळोखात सालं कोणाच्या अंगावर पडतायत, कळायचं नाही."

खूश झाले. सिनेमा सुरू झाला आणि वीस मिनिटांत आजोबा घोरायला लागले. मी एफएम जरा बारीक केला. रात्री दोन सिनेमे होते. मध्ये पुन्हा ते घड्याळ लागणार होतं, तेव्हा उठवायचं ठरवलं.