बिनकेसांच्या कुत्रीची त्वचा सांभाळताना : माझा अनुभव

चायनीज क्रेस्टेड जातीची कुत्री, वय आठ महिने, वजन चार किलो. पाठ आणि मांड्या काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या, अधूनमधून लाल पुटकुळ्या. ही त्वचा ताळ्यावर यायला बारा आठवडे लागले. त्यात काय केलं, किती प्रमाणात केलं आणि काय फसलं ते इथे लिहिते आहे. बिनकेसांच्या कुत्र्यांची त्वचा बिघडते ती बहुतेक वेळा जास्तीच्या काळजीने, हे मला त्यात सर्वात ठळकपणे दिसलं.

आधी कारण समजून घेणं गरजेचं आहे. चायनीज क्रेस्टेड, मेक्सिकोचा शोलोइत्झक्विंत्ली आणि पेरूचा बिनकेसांचा कुत्रा या तिन्ही जातींमध्ये फॉक्सआय३ या जनुकातला एकच बदल आहे. तो २००८ साली सापडला. या बदलामुळे केसांची मुळं अर्धवट घडतात आणि दातही कमी येतात. केसाचं मूळ अर्धवट असलं तरी त्याला जोडलेली तेलग्रंथी काम करतच राहते. एरवी हे तेल केसावरून चढत बाहेर पसरतं. इथे केसच नाही, म्हणून तेल आणि मेलेल्या पेशी रंध्राच्या तोंडाशी साचतात आणि हवेशी संबंध येऊन काळ्या पडतात. ती घाण नव्हे. त्यामुळे घासून निघत नाही.

पहिल्या आठवड्यात शाम्पू नाही, काहीच नाही. आधी अंगाला लागणारी सगळी तेलं बंद केली. खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली, लहान मुलांचं तेल, सगळं. त्वचा कोरडी दिसते म्हणून तेल चोळायचं आणि त्याच तेलाने रंध्रं बुजवायची, हे चक्र तिथेच तोडावं लागतं. लॅनोलिन असलेली क्रीमंही काढून टाकली, कारण लॅनोलिन म्हणजे लोकरीतलं मेण आणि क्रेस्टेड जातीत ते न सोसणारी कुत्री बरीच असतात. टी ट्री ऑइल तर घरात असू नये इतकं स्पष्ट सांगते. त्वचेतून किंवा चाटण्यातून पोटात गेलं तर कुत्र्याला विषबाधा होते.

त्याच आठवड्यात पशुवैद्याकडे नेऊन त्वचा खरवडून तपासून घेतली. ही पायरी कुणीही गाळू नये. डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किडीमुळेही अगदी असेच काळे ठिपके आणि पुटकुळ्या येतात, आणि कोवळ्या वयातच येतात. वरून बघून फरक कळत नाही. कीड असेल तर उपचार पूर्ण वेगळा. मोठ्या वयाच्या कुत्र्यात अचानक ठिपके वाढले तर कुशिंग आजाराची, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याची, शंका घ्यावी लागते. आणि खाज थांबावी म्हणून कुणी स्टिरॉइडचं मलम रोज लावत असेल, तर ते मलमच त्वचा पातळ करून नवे ठिपके आणतं.

कीड नाही हे कळल्यावर अंघोळीचा क्रम ठरला : कुत्र्यांसाठीचा अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा (रंध्रं मोकळी करणारं औषध) शाम्पू, आठवड्यातून एकदा. माणसांच्या मुरुमांसाठीचं पाच किंवा दहा टक्क्यांचं जेल अजिबात वापरू नये, कुत्र्याची त्वचा त्याने जळल्यासारखी लाल होते. कोणतीही नवी वस्तू आधी मांडीच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर लावायची आणि ४८ तास थांबायचं.

अंघोळ कोमट पाण्याने, हाताच्या मनगटाला ना गरम ना गार लागेल अशा. दोन चमचे शाम्पू ओल्या अंगावर हाताच्या तळव्याने पसरायचा. फेस झाल्यावर घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटं ठेवायचा. औषधाला रंध्रात उतरायला तेवढा वेळ लागतो. दोन मिनिटांत धुतलेला शाम्पू आणि न लावलेला शाम्पू यांत फारसा फरक नाही. अडचण अशी की दहा मिनिटं ओलं उघडं अंग गार पडतं. म्हणून टबात घोट्यापर्यंत कोमट पाणी ठेवलं, न्हाणीघर आधी गरम करून घेतलं आणि तिला चाटू दिलं नाही. नंतर पाच मिनिटं धुवायचं, काखा, बोटांमधल्या सांदी आणि शेपटीचा बुंधा नीट. तिथे राहिलेला शाम्पूच दुसऱ्या दिवशी लाल चट्टा होऊन दिसतो. पांढरा टॉवेल वापरायचा, रंगीत कापडाचा रंग पेरॉक्साइड उडवतो. टॉवेल दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही.

अंग ओलसर असतानाच ग्लिसरीनचं, तेल आणि सुगंध नसलेलं पातळ लोशन. चार किलोच्या अंगाला अर्धा चमचा पुरतो. दहा मिनिटांनी अंग चमकत असेल तर जास्त झालं, पुसून घ्या.

फसलं ते तिसऱ्या आठवड्यात. फरक दिसेना म्हणून शाम्पू आठवड्यातून दोनदा केला आणि मऊ घासणीने पाठ चोळली. चार दिवसांत पाठीवर कोंडा, आणि जिथे चोळलं तिथे टपोरे दुखरे फोड. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे त्याआधी निकाल मागणंच चूक होतं. आणि चोळण्याने रंध्र आतल्या बाजूने फुटलं की त्यात साचलेला मळ खालच्या थरात सांडतो. शरीराला तो परका वाटतो, त्याभोवती सूज येते आणि जंतू शिरले की आतपर्यंत पू होतो. ठिपका नखाने दाबून काढला तरी हेच घडतं. फोड पशुवैद्याला दाखवले, पू काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून औषध ठरलं, आणि शाम्पू पुन्हा आठवड्यातून एकदावर आला. सहाव्या आठवड्यानंतर नवे ठिपके कमी झाले, बाराव्या आठवड्यात पाठ जवळपास मोकळी झाली. आता पंधरा दिवसांनी एकदा पेरॉक्साइड, मधल्या आठवड्यात नुसता सौम्य शाम्पू. फरक मोजायला दर रविवारी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढत गेले. रोजच्या डोळ्याला बदल दिसत नाही.

उन्हाचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. ठिपके कुरूप दिसतात एवढंच, ऊन मात्र वर्षानुवर्षं साठत जाऊन त्वचेचा कर्करोग घडवतं, विशेषतः गुलाबी, रंगद्रव्य नसलेल्या चट्ट्यांवर. अंगावर गडद आणि गुलाबी असे दोन्ही भाग असतील तर गुलाबी भागांचा नकाशाच डोक्यात ठेवावा. तिथे खरखरीत, खपली धरणारा किंवा जाड होत जाणारा लाल पट्टा दिसला आणि तीन आठवड्यांत गेला नाही, तर तुकडा काढून तपासून घ्यायचा. ड जीवनसत्त्वासाठी थोडं ऊन हवं ही समजूतही सोडून द्यावी. कुत्रा उन्हातून ते पुरेसं बनवू शकत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळतं.

संरक्षण आधी कापडाचं. घट्ट विणीचा, सैल, पोटही झाकणारा अंगरखा. कुत्री उताणी लोळतात, त्यामुळे पोट भाजतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. क्रीम फक्त उघड्या राहणाऱ्या जागांना : नाकाची पाठ, कानांच्या कडा, शेपटीचा बुंधा. घटकांत झिंक ऑक्साइड नको, कारण ते चाटून पोटात गेलं तर उलट्या आणि जास्त गेलं तर रक्तपेशी फुटण्यापर्यंत त्रास जातो. सॅलिसिलेट गटातले (अ‍ॅस्पिरिनच्या कुळातले) घटकही नकोत. माणसांच्या बहुतेक सनस्क्रीनमध्ये यांपैकी काहीतरी असतंच, म्हणून कुत्र्यांसाठीचंच घ्यावं. लावल्यावर पंधरा मिनिटं चाटू द्यायचं नाही, दर दोन तासांनी परत लावायचं. दहा ते चार या वेळेत मी बाहेर नेतच नाही. बर्फावर मात्र वेळ पाळूनही सांभाळावं लागतं, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो आणि ती खालून पोटावर येतात.

भाजलंच तर ओला गार कपडा दहा मिनिटं. बर्फ नको, माणसांची वेदनाशामक गोळी तर नकोच. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात.

अंगाला हात लावला की ही कुत्री गरम लागतात, म्हणून त्यांना थंडी सोसते असं समजू नये. शरीराचं तापमान इतर कुत्र्यांएवढंच असतं, साधारण ३८.३ ते ३९.२ अंश. मधे केस नसल्याने ऊब थेट हाताला लागते. म्हणजे तीच ऊब सतत बाहेर जात असते. मी तापमान १५ अंशांखाली गेलं की एक थर, ७ खाली गेलं की दोन थर घालते. आत मऊ सुती, वर फ्लीस. लोकर थेट अंगाला नाही. काखेतली शिवण त्वचा सोलते, तिथे शिवण नसलेला किंवा उलटा घातलेला कपडा बरा. रात्री कपडा काढून अंग उघडं ठेवते, नाहीतर घाम नसला तरी दमट हवा साचून तिथे यीस्ट ही बुरशी वाढते आणि आंबूस वास येऊ लागतो. कपडे सुगंधी सॉफ्टनरशिवाय, दोनदा पाण्यातून काढून. थंडीत ऊब टिकवण्यात तिची बरीच शक्ती जाते, म्हणून त्या दिवसांत दर आठवड्याला वजन करते आणि शंभर-दीडशे ग्रॅम घटलेलं दिसलं की जेवण थोडं वाढवते.