सुयांवर सध्या: तीनपदरी कार्डिगन, गोल शाल आणि कायमचे मोजे

कार्डिगन काखेपर्यंत उतरलं. बाह्यांचे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यावर उतरवून ठेवलेत आणि आता कमरेपर्यंत सरळ खाली जायचं आहे. वरून खाली विणायची रॅगलन पद्धत (बाही गळ्यापासून काखेपर्यंतच्या तिरक्या रेषेत धडाला जोडलेली) मला आवडते ती या टप्प्यासाठीच. दर सुलट ओळीत आठ टाके वाढत जातात, काखेत थोडे नवे टाके घातले की पुढचा-मागचा भाग जोडला जातो आणि लगेच अंगात घालून बघता येतं. खांदा कसा बसतोय हे डोळ्यांनी दिसल्यावर लांबीचा निर्णय घ्यायला कसली भीती!

लोकर तीनपदरी, चांगली घट्ट पिळाची. रंग राखाडी, पण मिश्र छटेचा: तंतू आधी वेगवेगळे रंगवून मग एकत्र कातलेले, त्यामुळे जवळून पाहिलं तर त्यात निळा आणि थोडा तपकिरीही सापडतो. अशा मिश्र छटेवर माझा फार जीव आहे. साध्या सुलट विणीतही तो रंग सपाट दिसत नाही.

पण रंग ही माझ्यासाठी दुसरी गोष्ट. लडी हातात आली की मी आधी पदर बघते. टोक चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेनं फिरवलं की पदर सुटे होतात आणि या दोऱ्याचं काय करायचं हे जवळजवळ ठरूनच जातं. तीन पदर एकमेकांभोवती बसतात तेव्हा दोरा गोल होतो. टाका उठून दिसतो, वेणीचा, म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून केलेल्या नक्षीचा, पेच पृष्ठभागावरून वर येतो. दोनपदरी दोरा थोडा चपटा पडतो, दोन्ही पदर टाक्यात बाजूला सरकायला बघतात. वेणीसाठी ते गैरसोयीचं, पण जाळीसाठी उत्तम, कारण भोकं मोकळी राहतात. एकपदरी लोकर मऊ आणि चमकदार असते, मात्र घासलं की तिच्यावर गोळे लवकर धरतात. तिच्या टोप्या करायच्या, गळपट्टे करायचे. कोपर आणि बगल घासली जाणारी वस्त्रं तिच्यात करायला माझं मन होत नाही. नमुना आवडला म्हणून लोकर शोधत फिरण्यापेक्षा दोरा बघून नमुना निवडला, तर विणलेली वस्तू जास्त टिकते आणि जास्त वापरली जाते, असं माझं पक्कं मत झालं आहे.

कार्डिगनच्या पाठीवर मधोमध एक रुंद वेणी आहे आणि दोन्ही पुढच्या भागांवर सहा टाक्यांची एकेक अरुंद वेणी, दर आठव्या ओळीला पेच. वेणीच्या दोन्ही बाजूंना उलट टाके ठेवलेत, म्हणजे ती खोल पार्श्वभूमीवर उठते. वेणी कापड आत ओढते, हे इथे लक्षात ठेवावंच लागतं. साध्या विणीतले सहा टाके जेवढी रुंदी देतात तेवढी वेणीतले सहा देत नाहीत. म्हणून गळ्याचा काठ संपून वेणी सुरू होते तिथे, वेणीच्या पायथ्याशीच, दोन टाके जास्तीचे वाढवले. ते बाहेरून दिसत नाहीत आणि गळा चुणत नाही.

पेच घालायला मी वेगळी वेणीची सुई घेत नाही. तीन टाके सुईवरून सोडायचे, पुढचे तीन उजव्या सुईवर घ्यायचे, सुटलेले परत डाव्या सुईवर उचलायचे. लोकरीला स्वतःची पकड असते, सुटलेले टाके जागेवर थांबतात. रेशीम किंवा अल्पाका (त्याच नावाच्या प्राण्याची गुळगुळीत लोकर) असता तर हे करवलं नसतं. ते लगेच खाली घसरतात.

नमुन्याच्या चौकोनाबद्दल

काम सुरू करण्याआधी त्याच दोऱ्यानं विणून बघायचा छोटा तुकडा म्हणजे हा चौकोन. याच्यावर कितीही बोललं तरी कमीच. ४ मिमीच्या सुईवर मला १० सेंमीत २२ टाके मिळतात. चौकोन विणून झाल्यावर तो धुते, वाळवते, मग परत मोजते आणि दुसरी मोजणी हीच खरी मानते. समजा धुतल्यावर २२ चे २० झाले. दोन टाक्यांचा फरक ऐकायला काहीच नाही, पण २२० टाक्यांचा घेर १०० सेंमीऐवजी ११० सेंमी होतो. हा फरक मापाच्या आणि ढगळ स्वेटरमधला आहे.

सुपरवॉश लोकरीत तर हे फार जाणवतं. साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, त्यांच्यामुळे तंतू एकमेकांना धरून ठेवतात. गरम पाणी आणि घुसळण यांनी ती आटते तीही त्यांच्यामुळेच. सुपरवॉशमध्ये हे खवले रासायनिक प्रक्रियेनं झिजवलेले किंवा पातळ थरानं झाकलेले असतात. धुवायला सोपी, रंगही त्यावर झळाळून बसतो, पण ओली झाली की पसरते. लहान मुलांच्या कपड्यांना मी सुपरवॉशच घेते, कारण ते रोज धुतले जाणार. मोठ्यांच्या स्वेटरला मात्र साधी लोकर. थोडी खरखरीत असली तरी चालेल. दोन-तीन धुण्यांत ती मऊ होते आणि आकार सोडत नाही.

गोल शाल

ही संध्याकाळची नाही, सकाळची शाल. जाळी विणताना मला भरपूर उजेड लागतो, आणि हिचा रंग गडद तपकिरी आहे. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या मेंढ्यांची न रंगवलेली लोकर, तांबूस तपकिरी, तिकडे या छटेला मूरिट म्हणतात. दोनपदरी, अगदी बारीक. हाताला किंचित टोचते, आणि तेच मला आवडतं. तिच्यात जीव असतो. टाका सुटला तरी खाली पळत नाही.

रचना विणकामाच्या प्रसिद्ध लेखिका एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांच्या गोल शालीची. त्यामागचं गणित इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. म्हणजे प्रत्येक फेरीत थोडे थोडे टाके वाढवत बसायची गरज नाही. मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की एकाच फेरीत सगळे टाके दुप्पट करायचे. ९ टाक्यांनी सुरुवात, मग १८, तीन फेऱ्या, ३६, सहा फेऱ्या, ७२, बारा फेऱ्या, १४४, चोवीस फेऱ्या, २८८, अठ्ठेचाळीस फेऱ्या. मधल्या फेऱ्यांत वाढ नाही की घट नाही, म्हणून तिथे हवी ती जाळी बसवता येते. सुईवर असताना हे सगळं टोपीसारखं फुगलेलं दिसतं. धुऊन, टाचण्या लावून ताणून वाळवलं की ते सपाट होतं.

मी २८८ च्या पट्ट्यात आहे. बारा टाक्यांची पानांची जाळी घेतली आहे, ती २८८ मध्ये बरोबर २४ वेळा बसते. प्रत्येक बारा टाक्यांनंतर सुईवर एक खूणकडी (मोजणीसाठी अडकवायची छोटी कडी), आणि जाळीचा एक संच पूर्ण झाला की सगळ्या टाक्यांतून गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवते. पुढे काही उसवायची वेळ आली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं, सगळे टाके तिथे शाबूत मिळतात. मोहेर (अंगोरा शेळीची केसाळ लोकर) किंवा बारीक लोकर विणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आग्रहानं सांगते.

सध्या मनात आहे तो काठाचा विचार. आणखी एकदा दुप्पट करून ५७६ टाक्यांवर गेलं, तर शाल पूर्ण अंगभर होईल. काठ मला आडवा विणलेला, टोकदार कंगोऱ्यांचा हवा. त्यात दर दोन ओळींना शालीचा एक टाका काठात घेतला जातो, म्हणजे ५७६ टाक्यांना ११५२ ओळी. अरुंद काठ असला तरी काम मोठं आहे. मला असं लांबलचक, एका लयीचं काम मनापासून आवडतं, त्यामुळे कल ५७६ कडेच आहे. लोकर किती उरली आहे हे वजन करून बघेन आणि मग ठरवेन.

मोजे

मोज्यांबद्दल नवीन फार नाही. पिशवीत एक जोडी कायम असते. ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर, २.२५ मिमीची सुई, ६४ टाके. पावलाच्या घेरापेक्षा मोजा दहा टक्के लहान असला की तो पायाला धरून बसतो आणि कमी झिजतो. टाच मी पट्टीची करते: सुलट ओळीत एक टाका न विणता सरकवायचा, एक विणायचा. मागच्या बाजूनं दोरा येत राहतो, टाच जाड होते. कुठे वाट बघत बसायचं असेल, कुणाशी गप्पा मारायच्या असतील, तेव्हा हातात मोजाच. पायाचा सरळ भाग तर न बघता विणता येतो, आणि हात चालू असले की माझं ऐकण्यात जास्त लक्ष लागतं.

हातानं रंगवलेल्या ठिपक्या-ठिपक्यांच्या लोकरीला मी फक्त मोज्यांत जागा देते. स्वेटरच्या रुंद भागात त्या रंगांचे डाग जमतात. स्वेटरच करायचा तर दोन लड्या घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विणावं, किंवा सरकत्या टाक्यांची वीण घ्यावी, म्हणजे रंग फुटतात.

सूत मी कमी विणते. त्याला लवचिकपणा नाही, सगळा ताण मनगटावर येतो. विणलंच तर थोडा वेळ, आणि मग लगेच लोकर हातात. जाड सुई आणि बारीक सुई यांचं कामही मी दिवसभरात बदलत ठेवते, बोटांना बरं पडतं. सुयांचं म्हणाल, तर लोकरीला धातूच्या, कारण दोरा पटकन सरकतो. रेशमाला आणि अल्पाकाला बांबूच्या, कारण त्या टाके धरून ठेवतात. जाळीला टोक अणकुचीदार हवंच, नाहीतर तीन टाके एकत्र विणताना जीव जातो.

आता कार्डिगनचं पुढचं. धड झालं की बाह्या. काखेच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक जास्तीचा टाका उचलून पुढच्या फेरीत तो शेजारच्याबरोबर विणून टाकणार, म्हणजे तिथे भोक राहत नाही. मग दर आठव्या फेरीला दोन टाके कमी करत मनगटापर्यंत. पुढच्या, बटणांच्या पट्टीसाठी कडेला चार ओळींमागे तीन टाके उचलते. चारला चार उचलले तर पट्टी लहरते, चारला दोन उचलले तर कड वर ओढली जाते. पट्टी साध्या सुलट-सुलट ओळींची करायची की एक सुलट एक उलटची, एवढंच ठरायचं आहे. वेणीच्या शेजारी मला सुलट-सुलटची पट्टी जास्त शोभते असं वाटतंय, पण ती खाली लोंबेल अशी शंका आहे. तीनपदरी लोकरीत कुणी अशी लांब पट्टी केली असेल, तर बटणांच्या वजनानं ती किती उतरली आणि आतून फीत शिवावी लागली का, ते जरूर सांगा. बाह्या होईपर्यंत मला वेळ आहे.