तुम्ही विचारलंत म्हणून : जगज्जेत्या ड्रायव्हरने टीम चालवली तर ती जिंकायला नको का?

फॉर्म्युला वनचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ठाम आहे : तशी खात्री अजिबात देता येत नाही. गाडी चालवण्याच्या कौशल्याचा टीम चालवताना थेट उपयोग होतो तो मुख्यतः एकाच ठिकाणी, सरावानंतरच्या बैठकीत.

ड्रायव्हर सांगतो, ‘वळणात शिरताना मागची चाकं सुटतात.’ म्हणजे त्यांची रस्त्यावरची पकड सुटते. ब्रेक दाबलेला असताना सुटतात की सोडल्यावर? टायर नवे असताना की तापल्यावर? हे नेमके प्रश्न जुन्या ड्रायव्हरला चटकन सुचतात. ब्रेक दाबलेला असताना सुटत असतील तर ब्रेक बॅलन्स, म्हणजे ब्रेकच्या जोराची पुढच्या-मागच्या चाकांतली वाटणी, थोडा पुढच्या चाकांकडे सरकवून बघतात. सोडल्यावर सुटत असतील तर डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) किंवा पुढच्या विंगचा, म्हणजे हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणाऱ्या पंखाचा, कोन बघावा लागतो. असा कान असलेला माणूस बैठकीत असणं मोलाचं आहे, यात शंका नाही.

पण अ‍ॅलन प्रोस्टचं काय झालं पाहा. चार वेळा जगज्जेता. 1997 मध्ये त्याने लिजिए टीम विकत घेतली आणि पाच हंगामांत तिने एकही शर्यत जिंकली नाही. 2000 नंतर प्यूजो ही मोटार कंपनी इंजिन देणं थांबवून निघून गेली, पुढच्या हंगामासाठी फेरारीची इंजिनं पैसे मोजून घ्यावी लागली आणि 2002 च्या सुरुवातीला टीम दिवाळखोरीत बंद पडली. त्याच 1997 मध्ये जॅकी स्ट्यूअर्ट या दुसऱ्या माजी जगज्जेत्यानेही मुलाबरोबर टीम उतरवली, पण पहिल्या दिवसापासून फोर्डला बरोबर घेऊन. 1999 मध्ये नुर्बुर्गरिंगला जॉनी हर्बर्टने त्यांना शर्यत जिंकून दिली. ख्रिश्चन हॉर्नर तर ड्रायव्हर म्हणून फॉर्म्युला 3000 या खालच्या पायरीच्या पुढे गेलाच नाही, तरी 2005 ते 2025 या काळात त्याच्या हाताखाली रेड बुलने टीमची सहा विजेतेपदं मिळवली.

पिट स्टॉपचंच, म्हणजे शर्यतीच्या मध्येच टायर बदलायला थांबण्याचंच, घ्या. एका चाकाला तीन माणसं : एक गन धरणारा, एक चाक काढणारा, एक बसवणारा. सगळं काम दोन-अडीच सेकंदांत उरकतं. अपघातानंतर सगळ्यांचा वेग कमी करायला पुढे धावणारी सेफ्टी कार आली की पिटमध्ये जाणारा वेळ बराच कमी होतो, म्हणून दोन्ही गाड्या एकामागोमाग बोलावण्याचा मोह होतो. 2020 च्या साखीर शर्यतीत मर्सिडीजने हेच केलं. रेडिओवरचा निरोप टायर आणणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचला नाही आणि आघाडीवरच्या जॉर्ज रसेलच्या गाडीला टीमचा दुसरा ड्रायव्हर बोटास याचे टायर लागले. चूक लक्षात आल्यावर बोटासला काढलेले जुनेच टायर परत बसवून पाठवलं, रसेलला पुन्हा आत यावं लागलं. पहिला-दुसरा क्रमांक हातात असताना शेवटी आठवा आणि नववा मिळाला. दोन्ही ड्रायव्हरांकडून काहीही चुकलं नव्हतं! असा निरोप कुणी द्यायचा, तो ऐकल्याची पोच कुणी द्यायची, हे शर्यतीच्या कितीतरी आधी ठरवून घोकून घ्यायचं काम टीम चालवणाऱ्याचं.

शिवाय 2021 पासून खर्चाला मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती 14.5 कोटी डॉलर होती. ड्रायव्हरांचे पगार तिच्यात धरत नाहीत, पण अपघातात मोडलेली विंग आणि फ्लोअर (गाडीचा तळ) धरतात. सरावात भिंतीला घासलेल्या गाडीकडे ड्रायव्हर गेलेला वेळ म्हणून बघतो. मॅनेजरला, खर्च मर्यादेत बसवायला ऑगस्टसाठी ठरवलेला नवा फ्लोअर रद्द करायचा का, हे त्याच संध्याकाळी ठरवायला बसावं लागतं.