पुरानंतरचं घर: रंगाची घाई करू नका

दरवर्षी पावसाळ्यात कुठे ना कुठे घरात पाणी शिरतं आणि मग ओळखीपाळखीतून कुणाचा तरी फोन येतो, ताई तुमचं चिपळूणचं घर तुम्ही कसं सावरलंत, आधी काय केलंत, रंग कधी दिलात. फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढूया.

२२ जुलै २०२१. रात्रभर पाऊस धो धो, वाशिष्ठी नदी भरलेली, त्यात समुद्राला भरती, पाण्याला पुढे जायला वाटच नव्हती. पहाटे आमच्या आळीत पाणी आलं. आईबाबांनी २००५ चा पूर पाहिलेला, तेव्हा पाणी कुठवर आलेलं ते माहीत होतं, त्या हिशोबाने सामान वर चढवलं, पण यावेळी ती खूण केव्हाच पाण्याखाली गेली. आम्ही माडीवर होतो म्हणून वाचलो. त्याबद्दल खूप जणांनी लिहिलंय, मला त्यानंतरचं सांगायचंय.

पाणी ओसरलं की घरात उरतो तो गाळ. हा नुसता नदीचा चिखल नसतो. बाजारपेठेतून पाणी आलेलं, त्यामुळे त्यात डिझेल, खत, भिजलेलं धान्य, गटाराची घाण सगळं एकत्र, आणि तो वास तर मला अजून पावसाळ्यात कधीकधी आल्यासारखा वाटतो. टेबलाचा खण ओढला तर खणाच्या आकाराची चिखलाची वडी, तिच्यात आईचा चष्मा रुतलेला. गॅसच्या बर्नरच्या प्रत्येक भोकात गाळ, दाराच्या कडीत गाळ, मिक्सरच्या आत गाळ.

तो ओला असेपर्यंतच काढायचा, हे पहिलं. एकदा वाळला की सिमेंटसारखा धरतो. फावडं, घमेलं, खराटा, वायपर आणि पायात गमबूट. हात लावायच्या आधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून उंची दिसेल असे काढा. तलाठ्यांच्या पंचनाम्याला आणि विम्याच्या सर्व्हेयरला तेच लागतात. सरकारकडून तेव्हा कुटुंबामागे १० हजार सानुग्रह मिळाले, आधार झाला पण घर त्यात उभं राहत नाही. विमा असलेली घरं आमच्याकडे अगदी थोडी. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, त्यात पूर येतो, आणि इमारतीचा विमा उतरवला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप त्यात धरलं जातं. नदीकाठच्या प्रत्येकाने ही चौकशी कराच, अगदी मनापासून सांगतेय.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. लेप्टोची, म्हणजे असल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती खरी असते. आरोग्य खात्याची माणसं दारोदार येतात, ती ज्या गोळ्या देतील त्या घ्या, ताप आला तर अंगावर काढू नका. विहीर पूर्ण उपसून, धुऊन, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून मगच वापरा, आणि त्यानंतरही प्यायचं पाणी उकळूनच.

लाइटचं म्हणाल तर मेन स्विच बंदच ठेवायचा. वायरमन येऊन म्हणाला, ताई बोर्ड वरून कोरडा दिसतो पण पाइपात पाणी असतं. खरंच, भिंतीतल्या पाइपातून त्याने वायर ओढली तर मागोमाग लाल पाणी बाहेर आलं. सगळ्या वायरी काढून, पाइपात ब्लोअर मारून, एमसीबी नवीन टाकून मग लाइन चालू केली. पंपाची मोटर रिवाइंडिंगला दिली, ती वाचली. फ्रिजच्या अस्तरात पाणी मुरलं होतं, त्याचा वास काही केल्या गेला नाही, तो टाकावा लागला.

लाकडात फरक कळला तो इथेच. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, ओट्याखालचे कप्पे फुगून पानं सुटल्यासारखे झाले, त्यांना वाचवायला बसू नका. पण आजोबांच्या वेळचा सागवानी पलंग आणि दारं धुऊन, सावलीत, उभी ठेवून वाळवली आणि ती आजही वापरात आहेत. उन्हात टाकली असती तर पीळ पडला असता. दार फुगून बसत नाही म्हणून लगेच रंधा मारायला जाऊ नका बरं का, वाळल्यावर ते परत आकसतं आणि मग बोटभर फट पडते.

आईबाबांच्या लग्नाचा अल्बम गाळातच सापडला. फोटो एकमेकांना चिकटलेले. ते कोरडे ओढून सोडवायचे नाहीत, वरचा थर निघून येतो. परातीत स्वच्छ थंड पाणी घेऊन त्यात सोडायचे, सुटे होतात तसे अलगद काढायचे आणि दोरीवर चिमट्याने कोपऱ्याला धरून वाळत घालायचे. कागदांचं काम तेव्हा करणं शक्यच नव्हतं, म्हणून खरेदीखत, सातबारे, बाबांचे सर्व्हिसचे कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून शृंगारतळीच्या मावशीच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही. नंतर सवडीने एक एक पिशवी काढून, मध्ये टीपकागद घालून, पंख्याखाली वाळवली. मावशीने तेवढे दिवस फ्रीजरमध्ये दुसरं काही ठेवलं नाही, तिचे उपकार विसरणार नाही.

आता भिंती. फोन करणाऱ्या प्रत्येकाला घाई असते ती इथेच.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे पुरानंतर जेमतेम सात आठवडे. कोकणात गणपतीला घर रंगवलेलं नाही असं चालतच नाही, आणि पूर येऊन गेल्यावर तर सगळ्यांना वाटत होतं की बाप्पा यायच्या आत घर पहिल्यासारखं दिसलं पाहिजे. आईचंही तेच. पण आमचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. चिरा भोकाभोकांचा दगड, पाणी पीत बसतो, आणि श्रावणभाद्रपदातल्या आमच्या दमट हवेत ते बाहेर कुठून जाणार! गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी प्लास्टरवर हाताची मूठ आपटून पाहिली, कान लावला, आणि मला म्हणाले, "बायो, भित अजून भरलेली हाय. आता रंग लावलास तर पाणी आत कोंडंल. चुना मार नि गप ऱ्हा."

आई नाराज झाली. मला तिचं वाईट वाटत होतं, तरी काकांचंच ऐकायचं असं बाबांनी ठरवलं. पाण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत पोकळ झालेलं प्लास्टर पाडलं, सांध्यातला गाळ तारेच्या ब्रशने काढला आणि उघड्या चिऱ्यावर फक्त चुन्याचे हात दिले. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, बुरशीलाही तो आवडत नाही. चौरंगामागे आईने तिच्या दोन पैठण्या लावल्या आणि त्या वर्षी गणपती तसाच बसवला. आरतीला आलेल्या शेजाऱ्यांच्या घरीही थोड्याफार फरकाने तेच होतं, कुणी भिंतीकडे बघत नव्हतं.

ज्यांनी तेव्हा पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट मारून घेतला त्यांच्या भिंतींना दिवाळीच्या आतच फोड आले, मग पोपडे, मग खाली पांढरा लोणा. आत अडकलेलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, ते रंगाला मागून ढकलतात. लोणा दिसला की पाण्याने पुसू नका, विरघळून परत आत जातो, कोरड्या ब्रशने झाडून काढा. आणि भिंत लवकर वाळावी म्हणून दारंखिडक्या लावून कोळशाच्या शेगड्या तर अजिबात पेटवू नका, त्यातून निघणारा न दिसणारा विषारी वायू जीव घेतो. खिडक्या उघड्या, पंखे चालू, कपाटं भिंतीपासून हातभर लांब, एवढंच आपल्या हातात असतं, बाकीचं काम ऑक्टोबर हीट करते.

भिंत वाळली का हे बघायची सोपी युक्ती आहे. वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आतून दव आलं असेल तर थांबा. आम्ही हे डिसेंबरात केलं तर मागच्या खोलीत चक्क थेंब होते. नवीन प्लास्टर फेब्रुवारीत झालं, रंग एप्रिलच्या शेवटी. त्याला आता बरेच पावसाळे झाले, एकही फोड नाही.

त्याच वेळी खालचे सगळे स्विचबोर्ड वर घेतले, मीटरही महावितरणला अर्ज करून वर चढवून घेतला. ओट्याखाली प्लायच्या जागी कडाप्पाचे कप्पे केले, म्हणजे पाणी आलं तरी धुतले की झालं. कागदपत्रं आणि अल्बम आता माडीवर एका पत्र्याच्या ट्रंकेत असतात, आणि प्रत्येक कागदाचा स्कॅन पुण्यात भावाकडेही आहे. तुमच्या घरात पाणी शिरलं असेल आणि भिंतीचं काही विचारायचं असेल तर विचारा, भिंत कशाची आहे, चिरा की वीट, आणि पाणी किती वेळ उभं होतं तेवढं मात्र सांगा.